काळ्या कपड्यांची रात्र

परवा माझी भाची जालन्याहून फोनवर सांगत होती, की आता तिकडे ‘सपर क्लब’ निघालाय. जेवायचं, गाणं ऐकायचं, दर शनिवारी नवी थीम, थीमप्रमाणे कपडे. मला नवल वाटेल अशी तिची अपेक्षा होती. मी म्हटलं, बाई गं, तू जन्मायच्या आधी असल्याच एका ठिकाणी मी दोन वर्षं दर शनिवारी भीतीनं अर्धमेली होत होते. तिला ती गंमत वाटली आणि ती हसली. मीही हसले, पण फोन ठेवल्यावर तळहात बघितले तर घामानं ओले झाले होते. केस पिकले, तरी अंगात मुरलेली भीती काही जात नाही.

तेव्हा त्याला क्लब वगैरे म्हणत नव्हते. एमआयडीसीच्या पुढे हायवेला लागून ‘बहार फॅमिली गार्डन’ अशी लाल-हिरवी पाटी होती. आत लॉन, लॉनवर पंचवीसेक टेबलं, मधे एक सिमेंटचं कारंजं, जे मी कधीच चालू बघितलं नाही, आणि समोर पत्र्याच्या आडोशाला गाणाऱ्यांसाठी बांधलेला कट्टा. मालक संतोषशेठ. त्यांच्या वडिलांचा बियाण्यांचा धंदा होता, पण यांचा जीव गाण्या-खाण्यात. एकदा पुण्याला जाऊन आले आणि तिथलं बघून डोक्यात खूळ घेतलं. मग एका शनिवारी गझल नाइट, एका शनिवारी कव्वाली नाइट, थंडीत हुरडा नाइट. हुरडा नाइटला लॉनच्या कोपऱ्यात आगटी पेटवून कणसं भाजायचे आणि हुरडा चिनी मातीच्या बशीत चमच्यासकट वाढायचे. चमच्यानं हुरडा खाणारी माणसं मी आयुष्यात तेवढीच बघितली. पण गर्दी व्हायची. मिलवाले यायचे, डॉक्टर यायचे, बँकेतली जोडपी यायची. पनीर, काजू करी, जीरा राइस, आणि वर आमच्या अण्णांचं गाणं.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे वाटूरजवळच्या खेड्यातले. गावच्या भजनात पेटी वाजवायला शिकले, जांबच्या देवळात उत्सवाला गायचे, आणि मायनं, म्हणजे माझ्या आईनं, त्यांना तिथंच पहिल्यांदा ऐकलं. स्थळ आलं तेव्हा मुलाला जमीन किती हे तिनं विचारलंच नाही, “गाणारा तोच ना?” एवढंच विचारलं, असं माझी मावशी तिला चिडवायची. लग्नानंतर अण्णा जालन्यात आले आणि रोलिंग मिलमध्ये लागले. लालबुंद लोखंडाची सळई रोलरमधून निघताना जो आवाज होतो, तो ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. आमच्या दोन खोल्या मिलपासून लांब होत्या, तरी वारा फिरला की रात्रपाळीचा आवाज उशाशी यायचा. त्या आवाजात अण्णा वीस वर्षं उभे राहिले. आणि घरी आले की हाच माणूस इतका हळव्या कानाचा, की शेजारच्या काकूंचं मिक्सर चालू असलं तर पेटीला हात लावायचा नाही. “गाणं काय बाजारात बसून करायची गोष्ट हाय का?” म्हणायचे. एकदा गणपतीत कुणी मूल रडायला लागलं तर अभंग अर्धा सोडून ते पेटी मिटून बसले होते. माय हे सगळ्यांना कौतुकानं सांगायची.

‘बहार’मध्ये गाऊन त्यांना वर्ष झालं असेल. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि बाईच्या आवाजातल्या ओळींसाठी त्यांच्या डाव्या हाताला बसून गायचे. त्यांच्या उजवीकडे तबल्यावर हमीदचाचा, मागे कीबोर्डवाला पोरगा. एका शनिवारी कीबोर्डचा मधला तुकडा संपायच्या आधीच अण्णांनी अंतरा उचलला. हमीदचाचांनी ठेका ओढूनताणून सांभाळून घेतलं, लोकांच्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, दमले असतील. परत येताना अण्णांनी लूना रस्त्याच्या कडेला घेतली, बंद केली आणि हेडलाइटही घालवला. मी घाबरले, की रस्त्यात काही आडवं आलं की काय.

“वैशू,” ते म्हणाले, “मला ऐकू येणं कमी झालंय. लई कमी झालंय. पेटी पोटाला लागली की सूर कळतो, माझा गळा मला छातीत कळतो. बाकी काय वाजून राह्यलं ते समजंना.”

मी म्हटलं, डॉक्टरकडं जाऊ. ते म्हणाले, जाऊन आलो, मशीन लावा म्हणतेत, मशीन लावून कट्ट्यावर बसलेला गवय्या कोण ऐकंल? मग त्यांनी माझा हात त्यांच्या डोक्यावर ठेवून घेतला. “तुह्या मायला कळता कामा न्हाई. शेठला तर बिलकुल न्हाई. हे गाणं गेलं तर माझ्यापाशी मिल तेवढी उरल.”

डोक्यावर हात ठेवलेली शपथ. आज कुणी हसेल, मी अजून कुणाच्या डोक्यावर हात ठेवायला घाबरते.

आम्ही तीन खुणा ठरवल्या. मी ओढणीचा पदर डाव्या खांद्यावर टाकला, की तुकडा संपला, ओळ उचला. मी तळवा गुडघ्यावर दाबला, की आवाज फार चढलाय, खाली या. ऐकू येत नसलं की माणूस मोठ्यानं गातो, त्याला कळत नाही. आणि मी कानातल्याला हात लावला, की कुणीतरी तुमच्याशी बोलतंय, तिकडे बघून हसा. एवढ्यावर आम्ही दोन वर्षं काढली. लोकांना वाटायचं, बाप-लेकीचं काय छान जमतं, बघा, सारखे एकमेकांकडे बघून गातात. मी गाताना माझ्या गाण्याकडे कधी लक्षच दिलं नाही. शनिवारी दुपारी मी भाकर अर्धी ठेवून उठायचे. ओढणी घसरली तर? शिंक आली तर? मी आजारी पडले तर? एकदा तापात गेले होते, गोळ्या खाऊन, आणि घरी आल्यावर मोरीत भडभडून ओकले. माय म्हणाली, “एवढं कशापायी मरून राह्यलीस त्या गाण्यासाठी?”

खरी भीती मात्र घरात होती. माय चुलीकडे तोंड करून बोलायची. सगळ्या बायका तशाच बोलतात, भाकर थापता थापता, मागे न बघता. “अहो, मीठ बराबर हाय का?” “अहो, उद्या गावाकडं जायाचं का?” मागून उत्तर नाही. ती दोनदा विचारायची, तिसऱ्यांदा विचारायची नाही. मी समोर असले तर कानातल्याला हात लावायचे, पण मी काही सारखी घरात नव्हते. हळूहळू मायनं विचारणंच सोडलं. ताट पुढ्यात ठेवायची आणि उठून जायची. आधी ती चिडायची, “टाळ्या मिळाय लागल्या, आता आमच्याशी कशाला बोलतेत!” असं भांड्यांना सांगायची. नंतर चिडणंही बंद झालं. एक दिवस शेंगदाणे कुटता कुटता तिनं मला विचारलं, “वैशू, तुह्या अण्णानं माझ्याशी बोलणं का सोडलं गं? माझं काय चुकलं?” तिच्या हातातला बत्ता थांबला होता. मी म्हटलं, “थकतेत ते.” ती परत कुटायला लागली. खोटं बोलताना मला इतकं भ्यायला कधीच झालं नव्हतं.

त्या वर्षी संक्रांत शनिवारी आली. संक्रांतीला काळं नेसतात, त्यावरून शेठनं ‘ब्लॅक नाइट’ काढली. सगळ्यांनी काळे कपडे घालून यायचं, जोडीनं यायचं, प्रत्येक टेबलावर मेणबत्ती. आणि कलाकारांनी बायकांना घेऊन यायचं, जेवण शेठकडून. मायचा विश्वास बसेना. तीन वर्षांत तिनं ‘बहार’ आतून बघितलं नव्हतं. सकाळी तिनं तिळाच्या पोळ्या केल्या आणि हातावर तिळगूळ ठेवून अण्णांना नेहमीचं ते ‘गोड बोला’ म्हणाली. म्हणाली खरी, पण तोवर ती तव्यावरच्या पोळीकडे वळली होती. अण्णांनी तिळगूळ तोंडात टाकला आणि चपला घालून गेले. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. संध्याकाळी ती काळी चंद्रकळा नेसून, खणाच्या ब्लाउजवर आईकडची एकदाणी माळ घालून तयार झाली, आरशात दोनदा बघितलं आणि मला म्हणाली, “तिथं चार लोकांत तरी बोलतील.”

सात वाजता शेठनं आम्हाला बाजूला घेतलं. “साडेआठला, गाणं चालू असतानाच, लॉनचे सगळे लाइट घालवणार. कुणाला सांगितलं न्हाई, सरप्राइज हाय. माइकची लाइन वेगळी हाय, ती चालू राहील. तुम्ही थांबायचं न्हाई. थांबलात तर मजा गेली.”

मी काळी ओढणी घेतली होती, काळा ड्रेस घातला होता. मी अण्णांना कोठीघरात नेलं आणि ओठ हलवून हलवून सगळं सांगितलं. “म्हणजे तू दिसायची न्हाईस.” मी मान हलवली. “मंग मोजतो,” ते म्हणाले. “तुकडा केरव्याच्या ठेक्याची आठ आवर्तनं ठेवायला सांग. डोळे झाकतो आन् मोजतो.” मी हमीदचाचांना जाऊन सांगितलं, चाचा, आठ म्हणजे आठच हं. ते म्हणाले, “हाव बेटा, आठ. इतनी घबरायी क्यूं है?” मी म्हटलं, काही नाही.

माय पहिल्याच रांगेतल्या टेबलावर एकटी बसली होती, हात मांडीवर, समोरच्या सुपाला न शिवता. आम्ही गायला लागलो. दुसऱ्या गाण्याच्या मधल्या तुकड्यात, कीबोर्ड सुरू झाला आणि लाइट गेले. टेबलावरच्या मेणबत्त्या आमच्यापर्यंत पोचत नव्हत्या. मला माझा हात दिसत नव्हता. एक, मी मोजत होते. दोन. लॉनवर गलका झाला. जालन्याच्या माणसाला अंधार झाल्यावर काय वाटणार? रोज आठ-दहा तास लोडशेडिंग सोसणाऱ्या लोकांना कुणी हौसेनं लाइट घालवील हे खरंच वाटेना. तीन. “गेली वाटतं!” चार. “इथं पण?” पाच. कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडला. सहा. “अरे जनरेटर लावा की!” त्या गलक्यात माझंच मोजणं चुकेल अशी मला भीती वाटली. सात. अण्णांच्या श्वासाचा आवाज मला येत होता. आठ.

आणि अण्णांनी ओळ उचलली. बरोबर समेवर, सुरात, न कापता. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वाटलं, निभावलं.

शेठनं सगळ्यांना सरप्राइज द्यायच्या नादात एका माणसाला सांगितलंच नव्हतं. बबनला. बबन जनरेटर बघायचा. दहा वर्षं त्याचं काम एकच, लाइट गेली की पळत जायचं आणि हँडल मारायचं. त्याला कुणी सांगितलं असतं तरी त्याचे पाय थांबले असते की नाही, देव जाणे. जनरेटर आमच्या कट्ट्याच्या बरोबर मागे, पत्र्यापलीकडे. तो एकदम असा गरजला की कट्ट्याचं सिमेंट थरथरलं. बबननं घाईत खटका फिरवला, लॉनचे बल्ब भपकन लागले, आणि माइकची लाइन तुटली. कीबोर्ड मेला. पोरानं दोन्ही हात वर केले. हमीदचाचांचे हात तबल्यावर थांबले.

अण्णा गात होते.

डोळे मिटलेले, पेटी पोटाशी, मान किंचित डावीकडे. शंभर माणसं काळ्या कपड्यात भगभगीत उजेडात बसली होती आणि त्यांना समोर फक्त एका माणसाचं हलणारं तोंड दिसत होतं. मी हातभर अंतरावर होते, मला ऐकू येत होतं. इतकं सुरेल ते मिलमध्ये जायला लागल्यापासून कधी गायले नसतील. कुणीतरी मागे हसलं. मला कळेना काय करावं. हात लावला तर ते दचकतील आणि सगळ्यांना कळेल. नाही लावला तरी कळेल. मग मला एवढंच सुचलं, की मीही गायला लागले. कुणाला ऐकू जाणार नव्हतं, तरी तोंड उघडून, लोकांकडे बघून, जणू हे आमचं ठरलेलंच होतं. हमीदचाचांनी माझ्याकडे बघितलं, मग अण्णांच्या मिटल्या डोळ्यांकडे बघितलं. त्यांना काय समजलं ते त्यांनी मला मरेपर्यंत सांगितलं नाही. पण त्यांनी हात परत तबल्यावर ठेवले.

गाणं संपलं. अण्णांनी डोळे उघडले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शेठ धावत आले, “ह्याला म्हणतेत तंद्री! जग बुडलं तरी सूर सुटला न्हाई!” मी कानातल्याला हात लावला. अण्णा त्यांच्याकडे बघून हसले.

टाळ्या न वाजवणारं एकच माणूस होतं. माय. मिक्सरच्या आवाजात पेटी मिटणारा नवरा जनरेटरच्या पुढ्यात शांत गाताना तिनं बघितला होता. ती टाळ्या कशाला वाजवील? ती त्यांच्याकडे बघत होती, मग माझ्या कानातल्याजवळच्या हाताकडे बघायला लागली. मी हात खाली घेतला. फार उशिरा घेतला.

जेवायला आम्ही तिच्या टेबलावर बसलो. तोवर बबननं जनरेटर बंद केला होता, सगळीकडे शांत होतं. मायनं पदर तोंडावर धरला, ठसका लागल्यासारखा, आणि पदराआडून नेहमीच्या आवाजात म्हणाली, “अहो, वैशूला बरं न्हाई. घरी चला जल्दी.”

अण्णांनी भाजीचा घास घेतला आणि तिच्याकडे बघून म्हणाले, “पनीर चांगलं केलंय.”

मी कानातल्याला हात लावला नाही. माझी हिंमत झाली नाही. मायनं पदर खाली घेतला आणि ताटातल्या रोटीचे लहान लहान तुकडे करत बसली, एकही तोंडात घातला नाही. उठताना टेबलावरची मेणबत्ती मात्र तिनं विझवली आणि पिशवीत टाकली.

पुढचं आधीच सांगून टाकते. शेठला शेवटपर्यंत काही कळलं नाही. पुढच्या शनिवारपासून माय पहिल्या रांगेत बसायला लागली आणि तिन्ही खुणा तिनं घेतल्या. माझ्यापेक्षा ती बरोबर करायची, कारण ती घाबरायची नाही. पण त्या रात्री हे काही मला ठाऊक नव्हतं. परतताना टमटममध्ये आम्ही तिघं एका फळीवर बसलो होतो. मला वाटत होतं, आता घरी गेल्यावर आमचं घर मोडणार, आणि ते मी मोडलंय.

घरी पोचलो तर आमच्या गल्लीत खरोखरच लाइट नव्हती. मायनं चाचपडत कडी काढली. अण्णा आत जाऊन भिंतीला टेकून बसले. तिनं पिशवीतली मेणबत्ती काढली, पेटवली, आणि मला म्हणाली, “तुला ठावं होतं?” मी होय म्हणून मान हलवली. मला वाटलं ती मारील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती नुसती, “दोन वरीस,” एवढं म्हणाली, आणि अण्णांच्या समोर जाऊन खाली बसली.

रोज लाइट गेली की ती मेणबत्ती फळीवर ठेवायची, सगळ्यांना दिसेल अशी. त्या रात्री तिनं ती हातात धरली आणि स्वतःच्या तोंडापाशी नेली. इतकी जवळ, की तिच्या नाकातली मुरणी चमकायला लागली. मग तिनं सकाळचंच परत म्हटलं, एकेक शब्द सावकाश, ओठ पुरे उघडून.

“तिळगूळ दिल्ता. गोड बोला म्हणलं होतं.”

अण्णा तिच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं की तिला कळलंय. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, मिलमध्ये अपघात होऊन आले होते तेव्हाही नाही.

“पाठमोरी होतीस,” ते म्हणाले. “मला तोंड दिसलं न्हाई.”

“मला वाटलं, तुमाला मी नकोशी झाले.”

“काय?” अण्णा पुढे वाकले. मेण वितळून तिच्या बोटांवर ओघळत होतं. तिनं ते पुसलं नाही. ज्योत तिनं आणखी जवळ घेतली आणि ते वाक्य परत म्हटलं, आणि अण्णा लहान पोरासारखे रडायला लागले.

ते दोघं किती वेळ बोलत होते मला माहीत नाही. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून बसले होते, डोळा लागला असावा. जाग आली ती डोक्यावरचा बल्ब लागल्यामुळे. लाइट आली होती, खोलीभर लख्ख उजेड होता, आणि माय अजून ती बोटभर उरलेली मेणबत्ती तोंडापाशी धरून त्यांच्याशी बोलत होती.